पास होणाऱ्याच्या शेजारी कोण बसलंय?

आपण काही समीक्षक नाही. कॅमेऱ्याचा अँगल, बॅकग्राउंड स्कोअर यातलं आपल्याला फारसं कळत नाही. मेसचं जेवण झालं की मोबाइल भिंतीला टेकवून ठेवायचा आणि जे दिसेल ते बघायचं, एवढाच आपला अधिकार. पण गेल्या काही आठवड्यांत परीक्षेवरचं एवढं काही सलग बघितलं, की आता बोलल्याशिवाय राहवत नाही. ‘ट्वेल्थ फेल’, ‘अ‍ॅस्पिरंट्स’, ‘कोटा फॅक्टरी’चा तिसरा सीझन आणि मधेच पुन्हा एकदा ‘छिछोरे’. सगळ्यांची गोष्ट साधारण तीच. एक खोली, पुस्तकांचा ढीग, एक चहाची टपरी आणि निकालाचा दिवस.

सुरुवात ‘ट्वेल्थ फेल’पासूनच करायला हवी, कारण आपल्या वयाच्या जवळपास प्रत्येकाने तो पाहिलाय. विधू विनोद चोप्रांचा हा सिनेमा 2023 च्या ऑक्टोबरमध्ये आला आणि पुढे त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. चंबळच्या खोऱ्यातला मनोज कॉपी करता आली नाही म्हणून बारावीला नापास होतो, पुढे दिल्लीत पिठाच्या गिरणीत काम करत अभ्यास करतो आणि आयपीएस होतो. हे खरे मनोजकुमार शर्मा महाराष्ट्र केडरचे अधिकारी, त्यामुळे आपल्याला तो जरा जास्तच जवळचा वाटतो. विक्रांत मॅसीने काम असं केलंय की गिरणीतलं पीठ आपल्याच नाकात जातंय असं वाटतं. शेवटी निकाल बघताना तो खाली बसतो, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं नाही असा माणूस अजून भेटायचाय.

सिनेमा चांगलाच आहे, त्यात वाद नाही. पण दुसऱ्यांदा बघताना माझं लक्ष मनोजवरून उडालं आणि गौरी भैय्यावर जाऊन बसलं. हाच तो, शेवटचा अटेम्प्ट हुकलेला आणि नंतर टपरी टाकून बाकीच्यांना बळ देणारा. नापास झालात तर पुन्हा शून्यापासून सुरू करा, हे तोच सांगतो. त्याच्या ‘रीस्टार्ट’वर किती रील्स निघाली, किती अभ्यासिकांमध्ये तो शब्द टेबलावर चिकटवला गेला, मोजदाद नाही. गंमत बघा, ज्याला स्वतःला रीस्टार्टची संधीच उरली नाही, त्याच्या तोंडी हा शब्द आहे. रात्री टपरी बंद केल्यावर हा माणूस काय विचार करत असेल? घरी फोन लावून काय सांगत असेल? सिनेमा तिकडे जातच नाही. त्याचं दुःख मनोजच्या यशासाठी वापरून झालं की त्याचं काम संपतं.

श्रद्धाचंही थोडंफार तसंच. ती मनोजच्या आधी राज्याची परीक्षा पास होऊन डेप्युटी कलेक्टर होते. म्हणजे अभ्यास तिनेही तेवढाच केला असणार! पण पडद्यावर तिचा अभ्यास किती दिसतो आणि मनोजला दिलेला धीर किती दिसतो, हे एकदा मोजून बघा. आपल्या बॅचमधल्या मुलींना विचारा, घरून ‘आता अजून किती वर्षं?’ हा प्रश्न आधी कोणाला येतो. त्यांची गोष्ट कोणीतरी नीट सांगायला हवी.

आता थोडं गणित. यूपीएससीच्या 2023 च्या नागरी सेवा परीक्षेला 10 लाखांहून जास्त अर्ज आले होते. प्रत्यक्ष पूर्वपरीक्षेला बसले साधारण 5 लाख 92 हजार. मेन्सपर्यंत पोचले साडेचौदा हजारांच्या आसपास आणि अंतिम यादीत नावं होती 1016. अर्ज करणाऱ्या हजारांत एक. पडद्यावर मात्र नेमका तो एक दिसतो आणि उरलेले 999 मागे आउट ऑफ फोकस. सिनेमावाल्यांचं यात चुकतं असंही नाही, गोष्ट जिंकणाऱ्याचीच विकली जाते. अडचण आपली आहे. आपण तो सिनेमा सिनेमा म्हणून न बघता टाइमटेबल म्हणून बघतो.

म्हणून ‘अ‍ॅस्पिरंट्स’ मला जास्त प्रामाणिक वाटली. टीव्हीएफची ही सीरिज 2021 मध्ये यूट्यूबवर आली. पहिला सीझन फक्त पाच भागांचा, एका रात्रीत संपतो. ओल्ड राजिंदर नगरमधले तीन दोस्त: अभिलाष, गुरी आणि एसके. अभिलाष आयएएस होतो, एसके क्लासमध्ये शिकवायला लागतो, गुरी धंद्यात उतरतो. तिघांचीही आयुष्यं पुढे चालू राहतात, हे इथे दिसतं. आणि संदीप भैय्या! शेवटचा अटेम्प्ट गेल्यावर तो गाशा गुंडाळून निघतो, तो सीन बघवत नाही. सदाशिव पेठेत किंवा शास्त्री रोडला जो राहिलाय त्याला विचारा. कॉट कोणाला तरी दिली, पुस्तकं निम्म्या किमतीत विकली आणि ग्रुपवर ‘चलतो रे’ एवढाच मेसेज टाकून एसटीत बसलेला एक तरी दादा प्रत्येकाच्या ओळखीचा असतो.

या सीरिजमध्ये प्लॅन बीवरून बरीच चर्चा आहे. प्लॅन बी ठेवला की मन शंभर टक्के लागत नाही, हे आपल्याकडेही ठामपणे सांगितलं जातं. ऐकायला भारी वाटतं. पण हे सांगणारा बहुतेक वेळा पोस्ट मिळालेला असतो, हे लक्षात घ्या. ज्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू आहे आणि धाकट्या बहिणीचं कॉलेज चालू आहे, त्याच्यासाठी प्लॅन बी म्हणजे घरातली चूल. यूपीएससीला खुल्या गटासाठी सहा संधी आणि 32 वर्षांची मर्यादा आहे, ओबीसींना नऊ संधी आणि 35 वर्षं. म्हणजे एकविसाव्या वर्षी सुरू केलं तर अख्खी विशी त्यात जाऊ शकते. हा हिशेब मांडणं याला भित्रेपणा म्हणू नका.

सगळ्यात जास्त धक्का दिला तो ‘कोटा फॅक्टरी’ने. पहिला सीझन 2019 चा, तिसरा 2024 चा. आपल्या मराठमोळ्या मयूर मोरेने वैभवचं काम केलंय. तीन सीझन आपण त्याच्यासोबत आयआयटीची तयारी करतो आणि शेवटी त्यालाच मिळत नाही. मिळते ती मीनाला, त्याच्या गरीब मित्राला. हिरोलाच नापास करणारी अशी गोष्ट आपल्याकडे क्वचित दिसते. बऱ्याच जणांना हा शेवट आवडला नाही, तीन सीझन कशासाठी बघितले मग, असं म्हणाले. मला तो फार आवडला. आणि जितू भैय्या, जो सगळ्यांना सावरतो, तो या सीझनमध्ये स्वतः मानसोपचार घ्यायला जातो. एका विद्यार्थिनीच्या मृत्यूने तो आतून हललेला असतो. सगळ्यांचा लाडका सरही मदत मागू शकतो, हे कुठल्याही मोटिवेशनल भाषणापेक्षा मोठं आहे.

‘छिछोरे’ मसाला सिनेमा आहे, कॉमेडी अधूनमधून ताणलेली आहे. पण त्यात बापाला उमगलेली एक गोष्ट जबरदस्त आहे. मुलगा पास झाला तर काय करायचं, हे त्याने ठरवून ठेवलेलं असतं. नापास झाला तर काय, यावर त्या घरात कधी बोलणंच झालेलं नसतं. किती घरांमध्ये झालंय, सांगा बरं?

तर आपलं साधं मत असं: हे सगळं जरूर बघा. ‘ट्वेल्थ फेल’ बघून अंगावर काटा येत असेल तर येऊ द्या, दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून अभ्यासिका गाठा. फक्त त्याच आठवड्यात ‘कोटा फॅक्टरी’चा तिसरा सीझनही संपवा, म्हणजे डोस बरोबर बसेल. आणि घरी फोन कराल तेव्हा ‘नाहीच झालं तर काय?’ हा विषय एकदा तुम्हीच काढा. आई दोन मिनिटं गप्प बसेल, बाबा विषय बदलतील. तरी काढा. निकाल लागल्यावर तो काढण्यापेक्षा आत्ताच सोपा आहे.

बाकी, आपल्या अभ्यासिकेत कोपऱ्यातल्या टेबलावर बसणारा, पाचव्या अटेम्प्टवाला एक दादा असतोच. नोट्स मागायला सगळे त्याच्याकडे जातात. आज चहाला जाताना त्यालाही हाक मारा, आणि नोट्स सोडून दुसरं काहीतरी बोला.