ट्रॅक्टरला मोठे टायर बसवण्यापूर्वी



मरियेच्या जन्माच्या सणाला नव्या कणसांचा आशीर्वाद आटोपल्यावर एक तरुण मला चर्चच्या पटांगणात घेऊन गेला. म्हणाला, "फादर, ट्रॅक्टरवरही पवित्र पाणी शिंपडा." ट्रॅक्टर जुनाच होता, पण मागे नवे, मोठे टायर होते. मी आशीर्वाद दिला आणि विचारले, "हे कशासाठी रे?" तो म्हणाला, "चिखलात रुतत नाही, उसातून मोकळा जातो, आणि रस्त्यावर पळतोही छान."

तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मात्र तिसरी ऐकून मला काळजी वाटली. आपल्या भागात हल्ली पुष्कळ जण असे टायर बसवतात, म्हणून त्याने काय बदलते ते समजून घेऊ.

टायरवरच्या आकड्यापासून सुरुवात करू. १३.६-२८ म्हणजे टायरची रुंदी १३.६ इंच आणि रिमचा व्यास २८ इंच. ४० ते ४५ अश्वशक्तीच्या बऱ्याच ट्रॅक्टरांना मागे हेच टायर येतात. त्यांच्या जागी १६.९-२८ घातले, तर रिमचा आकडा तोच दिसतो, पण टायरचा बाहेरचा व्यास सुमारे १३१ सेंटिमीटरवरून १४३ सेंटिमीटरवर जातो. त्याला रिमही जास्त रुंद लागते. जुन्याच अरुंद रिमवर तो बळजबरीने चढवला, तर मधोमध फुगतो, लवकर झिजतो आणि कडेला रिम सोडू शकतो.

व्यास १२ सेंटिमीटरने वाढला की मागचा आस सुमारे ६ सेंटिमीटर, म्हणजे अडीच इंच, वर जातो. ट्रॅक्टरच्या वजनाचा मध्य उंच जातो. डोक्यावर घागर घेऊन बांधावरून चालणाऱ्या बाईला विचारा, ओझे जितके उंच तितका तोल नाजूक. तरीही अडीच इंच ही गोष्ट लहान वाटते, आणि मेस्त्रीही तसेच सांगतो. खरा धोका न दिसणारा आहे.

मोठे चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापते. गिअर तोच, इंजिनाचे फेरे तेच, पण ट्रॅक्टर सुमारे नऊ टक्के जास्त वेगाने जातो. पूर्वी २५ किलोमीटरने जाणारा आता २७ च्या पुढे जातो. डॅशबोर्डावरचा काटा मात्र जुन्याच टायरच्या हिशेबाने वेग दाखवतो. चालवणाऱ्याला वाटते, मी नेहमीसारखाच चाललो आहे. पण वळणावर बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे त्याच वळणावर तो जोर सुमारे पाचव्या भागाने वाढलेला असतो, आणि ट्रॅक्टर तर उंच झालेला असतो. दोन्ही मिळून तोल जातो.

ब्रेकचेही तसेच. ब्रेक जुनेच राहतात, पण चाक मोठे झाल्याने जमिनीवर त्यांची पकड कमी पडते आणि वेगही जास्त असतो. भरलेली ट्रॉली पूर्वी ३० फुटांत थांबत असेल, तर आता सुमारे ४० फूट लागतील. गळिताच्या दिवसांत दोन ट्रॉल्या ऊस जोडून घाटउतारावरून येणाऱ्यांनी हे दहा फूट लक्षात ठेवावेत. शिवाय ओढण्याची ताकदही त्याच प्रमाणात घटते. पूर्वी जो चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढत असे, त्याला पहिला टाकावा लागतो आणि क्लच लवकर जळतो. चारही चाकांना जोर असलेल्या ट्रॅक्टरला फक्त मागचेच टायर मोठे केले, तर पुढची व मागची चाके एकमेकांशी झगडतात आणि गिअर तुटतात.

आता चिखलाकडे वळू. चाक रुतून घट्ट बसले आणि आपण क्लच झटक्यात सोडला, तर चाक फिरत नाही. मग ट्रॅक्टरचे धडच आसाभोवती फिरते आणि तोंड वर उचलते. मागे उलटायला एक-दोन सेकंद पुरतात, उडी मारायलाही वेळ मिळत नाही. चाकाची पकड जितकी जास्त, तितके हे सोपे. म्हणून रुतलेल्या चाकाला लाकडाचा ओंडका कधीही बांधू नका. क्लच दाबा, मागचा गिअर टाकून हळू बाहेर या. नाहीच जमले, तर चिखल उकरा किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून घ्या. साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच बांधा. टॉपलिंकच्या जागी बांधली, तर तीच ट्रॅक्टर मागे उलटवते.

मग चिखलात काम करायचे तरी कसे? स्वस्त उपाय आधी करून पाहा. शेतात हवा कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे कमी ठेवा, रस्त्यावर येताना वाढवा. खोल नक्षीचे पण त्याच मापाचे टायर घ्या. चिखलणीला लोखंडी पिंजऱ्याची चाके लावा. मागच्या टायरात तीन-चतुर्थांश पाणी भरा, त्याने वजन खाली राहते व पकड वाढते. पुढे वजने लावा. शक्य असेल तेथे मागच्या चाकांची डिस्क उलटी करून चाके बाहेर सरकवा, बैठक रुंद झाली की तोल सावरतो. तरीही टायर बदलायचेच असतील, तर कंपनीने त्या मॉडेलला मान्य केलेलेच माप घ्या. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे वाहनात मनाप्रमाणे फेरफार करता येत नाही, आणि अपघात झाल्यास विम्याच्या वेळी हीच गोष्ट पुढे येऊ शकते.

एक शेवटची गोष्ट. स्वीडनमध्ये १९५९ सालापासून प्रत्येक नव्या ट्रॅक्टरवर चालकाच्या रक्षणासाठी मजबूत लोखंडी चौकट सक्तीची झाली. त्यानंतर उलटून होणारे मृत्यू तेथे फार कमी झाले. चौकट असेल तर पट्टा बांधा, म्हणजे माणूस चौकटीच्या आतच राहतो. चौकट नसेल तर पट्टा बांधू नका. आणि मडगार्डवर पोरांना बसवणे आजपासून बंद करा. अपघात झालाच, तर आधी इंजिन बंद करा आणि १०८ ला फोन करा. ट्रॅक्टर घाईने उचलू नका, तो घसरू नये म्हणून खाली दगड-लाकडे द्या.

अनुवाद ग्रंथाच्या २२ व्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला आज्ञा आहे की त्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. ट्रॅक्टरच्या त्या चौकटीला मी कठडाच म्हणतो. पवित्र पाणी मी आनंदाने शिंपडीन, पण कठडा तुम्हीच बांधायचा आहे.

तो तरुण दोन आठवड्यांनी आला. मोठे टायर त्याने अजून काढलेले नाहीत. पण लहान भावाला मडगार्डवर बसवणे त्याने थांबवले आहे, आणि चौकटीची किंमत विचारून आला आहे. शेतकऱ्यांचा आश्रयदाता संत इसिदोर याचा सण १५ मे रोजी असतो. त्या दिवशी पुन्हा ट्रॅक्टर घेऊन या. मी आधी टायरचे आकडे वाचीन, मग आशीर्वाद देईन.