परिषदा समुद्राच्या, पाठ बंदराकडे

ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस गोरेगावच्या प्रदर्शन केंद्रात पाच दिवस ‘इंडिया मेरिटाइम वीक’ भरला होता. त्यापूर्वी २०२३ साली जागतिक सागरी परिषद वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर झाली, आणि २०१६ ची पहिली परिषदही गोरेगावातच पार पडली. देशोदेशींचे मंत्री, जहाजमालक, बंदरांचे अधिकारी, विमा व वित्तव्यवहारातील मंडळी या निमित्ताने मुंबईत आली. मुंबईला ही गोष्ट भूषणावह आहे यात शंका नाही. परंतु या परिषदांची स्थाने नकाशावर पाहिली की एक विसंगती नजरेत भरते. ज्या बंदराने मुंबईला मुंबई केले, त्या बंदराकडे या परिषदांची पाठच होती. समुद्राविषयी पाच दिवस चर्चा करून गोरेगावच्या सभागृहाबाहेर पडणाऱ्या पाहुण्याला समोर दिसतो तो पश्चिम द्रुतगती महामार्ग.

ही विसंगती वाटते तितकी किरकोळ नाही. परिषदा भरविणे हा आज मोठा व्यवसाय झाला आहे. हॉटेलवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत आणि छपाईवाल्यापासून दुभाष्यापर्यंत अनेकांची मिळकत त्यावर अवलंबून असते. म्हणूनच प्रत्येक मोठे शहर भव्य सभागृहे बांधण्याच्या मागे लागले आहे. मुंबईत २०२२ साली वांद्रे-कुर्ला संकुलात असे एक केंद्र उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन तेथे झाले. पण सभागृह दिल्लीतही बांधता येते, दुबईतही आणि सिंगापुरातही. पैसा असला की झुंबरे आणि गालिचे कोठेही आणता येतात. जे दुसरीकडे नेता येत नाही असे एखाद्या शहरापाशी काय आहे, हा खरा प्रश्न आहे.

हॅलिफॅक्सचा धडा

या प्रश्नाचे उत्तर कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील हॅलिफॅक्स या शहराने आपल्यापुरते शोधले आहे. त्याची लोकवस्ती पाच लाखांच्या आसपास. म्हणजे मुंबईच्या एखाद्या उपनगराएवढीच. तरीही सागरविज्ञान, मत्स्यव्यवसाय आणि जहाजबांधणी यांतील जाणकारांना त्याचे नाव परिचित आहे. बंदरापलीकडच्या डार्टमथमध्ये १९६२ पासून बेडफर्ड सागरविज्ञान संस्था कार्यरत आहे. डलहौसी विद्यापीठात थोर कादंबरीकार थॉमस मान यांच्या कन्या एलिझाबेथ मान बोर्गेसे यांनी सागरी कायद्याच्या अभ्यासाला वाहून घेतले होते. तटरक्षक दलाच्या जुन्या तळाची जागा मोकळी झाली तेव्हा २०१८ मध्ये तेथे सागरी उद्योगांसाठी संशोधन केंद्र सुरू झाले. धक्का तसाच राहिला. त्यावर उपकरणे बनविणारे आणि ती पाण्यात उतरवून पाहणारे शेजारी शेजारी बसू लागले. अशा शहरी सागरविषयक परिषद भरली, की सकाळी वाचलेल्या निबंधाचा पडताळा दुपारी धक्क्यावर घेता येतो.

मुंबई आणि हॅलिफॅक्स यांच्यात एक दुःखद साम्यही आहे. ६ डिसेंबर १९१७ रोजी हॅलिफॅक्सच्या बंदरात दारूगोळ्याने भरलेल्या ‘मों-ब्लाँ’ जहाजाचा स्फोट होऊन सुमारे दोन हजार माणसे मेली. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टायकिन’ याच प्रकारे फुटले आणि शेकडो जीव गेले. त्यात अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. बंदराची समृद्धी आणि बंदराची जोखीम या दोहोंची किंमत या शहरांनी मोजली आहे. जहाजवाहतुकीच्या सुरक्षिततेवर बोलण्याचा अधिकार अशा शहरांना असतो, तो इतरांना उसना घेता येत नाही.

मुंबईचे भांडवल

मुंबईचे सागरी भांडवल तर हॅलिफॅक्सहून जुने आणि विस्तृत आहे. येथील गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानी जहाजे बांधली जात. १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. १८४२ चा नानकिंगचा तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’वर झाला, तेही मुंबईचेच अपत्य. माझगाव गोदीने १९७२ मध्ये ‘निलगिरी’ ही युद्धनौका नौदलाच्या स्वाधीन केली. १९७४ साली ‘मुंबई हाय’ येथे तेल लागले. नौकानयन महासंचालनालय, भारतीय नौवहन महामंडळ, जहाजांना प्रमाणपत्र देणारी इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही संस्था आणि वर्सोव्याची मत्स्यशिक्षण संस्था या सर्वांची मुख्यालये याच शहरात आहेत. समुद्राखालील दूरसंचार तारा येथेच किनाऱ्याला लागतात. १८७५ सालापासूनच्या ससून डॉकमध्ये पहाटे मासळीचा लिलाव चालतो तो निराळाच.

गोव्यातील दोनापावला येथे याचा एक चांगला दाखला मिळतो. १९६० च्या दशकातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून १९६६ साली जन्मलेली राष्ट्रीय सागरविज्ञान संस्था तेथे आहे. या मोहिमेचा सुवर्णमहोत्सव २०१५ मध्ये साजरा करण्याची वेळ आली तेव्हा जगभरचे शास्त्रज्ञ गोव्यातच जमले आणि दुसऱ्या मोहिमेचा प्रारंभही तेथूनच झाला. त्यांना ओढून आणले ते सभागृहाने नव्हे, तर पन्नास वर्षांच्या कामाने.

अडचण आणि धोका

गोदी हा संरक्षित भाग आहे, तेथे पाहुण्यांची वर्दळ कशी चालेल, असा आक्षेप घेतला जाईल. तो निराधार नाही. पण २००१ साली याच बंदराबाहेर आंतरराष्ट्रीय नौदल संचलन निर्विघ्न पार पडले, आणि २०२५ मध्ये येथे पर्यटक जहाजांसाठी नवे टर्मिनलही उघडले. ठरवले तर व्यवस्था होऊ शकते.

खरा धोका वेगळाच आहे. १९८९ मध्ये न्हावा शेवाचे बंदर सुरू झाल्यापासून मुंबई बंदरातील बरीचशी मालवाहतूक खाडीपलीकडे गेली आणि पूर्व किनाऱ्यावरील मोकळ्या जमिनीवर अनेकांची नजर खिळली. त्या धक्क्यांवर केवळ उंच इमारती आणि करमणुकीची ठिकाणे उभी राहिली, तर समुद्राशी प्रत्यक्ष व्यवहार करणारे मुंबईजवळ काय उरणार? एकदा गेलेला धक्का पुन्हा बांधता येत नाही. त्यातील काही भाग जहाजदुरुस्तीला, संशोधनाला आणि सागरी शिक्षणाला राखून ठेवण्याचा निर्णय आजच व्हावयास हवा.

सागरी विकासाच्या चर्चेत कोळीवाड्याचे स्थानही ठरले पाहिजे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली, त्यापूर्वी आणि नंतरही किनाऱ्यावरचे मच्छीमार विरोध करीत राहिले. त्यांचे म्हणणे मान्य करावे की नाही यावर मतभेद होऊ शकतात. परंतु वारा, भरती आणि मासळी यांचे ज्ञान ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्यांना व्यासपीठावर बसवायचे की केवळ उद्‌घाटनाच्या कोळीनृत्यापुरते बोलवायचे, याबद्दल मतभेदाला जागा नसावी. त्याचबरोबर परिषदेचा एखादा दिवस शाळा-महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांसाठी मोकळा ठेवता आला, तर मुंबईच्या मुलांना आपले शहर बंदर आहे हे पुस्तकाबाहेरही कळेल.

सभागृह हे भाड्याने मिळते, समुद्र मिळत नाही. पाहुणा ज्यासाठी येतो ते घरातच जपले नाही, तर उद्या त्याने दुसरे घर शोधल्यास त्याला दोष कसा देणार?