मामूने पाठवलेला ग्राफिंग कॅल्क्युलेटर: बाहेरचं सॉफ्टवेअर चालत नसेल तर काय तपासावं?

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद): रोशन गेट, किराडपुरा, कटकट गेट, या भागांत कोणी ना कोणी आखातात कामाला असलेली घरं भरपूर आहेत. सुट्टीवर येताना मामू किंवा चाचा भाच्या-पुतण्यांसाठी काही ना काही आणतात. हल्ली त्या सामानात कधी कधी ग्राफिंग कॅल्क्युलेटरही असतो. तिकडच्या शाळेत मुलाने वापरलेला, आता पडून असलेला. इथे पोहोचला की इंजिनिअरिंगचा विद्यार्थी इंटरनेटवर बघतो की यात बाहेरचं सॉफ्टवेअर टाकून समीकरणं अक्षरांसकट सोडवता येतात. मग सुरू होते खरी डोकेदुखी.

ओळखीतल्या एका मुलाने असेच दोन दिवस घालवले. कॅल्क्युलेटर लॅपटॉपला दिसतच नव्हता. ‘खराब माल आला’ म्हणून घरात बोलणी सुरू झाली, मामूला फोनही गेला. शेवटी दोष निघाला केबलचा. ती फक्त चार्जिंगची होती, तिच्यातून डेटा जातच नव्हता. केबल बदलली आणि काम पाच मिनिटांत झालं.

म्हणून पहिला नियम: सोपं आणि बिनधोक ते आधी तपासा, धोक्याचं शेवटी.

सुरुवात केबल, पोर्ट आणि बॅटरीपासून

डेटा जाणारी केबल घ्या. कॅसिओच्या एफएक्स-सीजी५० ला जुनी मिनी-यूएसबी केबल लागते, मोबाइलची नाही. यूएसबी हबऐवजी थेट लॅपटॉपच्या पोर्टला जोडा. बॅटरी अर्धवट असताना काहीही टाकू नका. मधेच वीज गेली तर फाइल अर्धी राहते आणि दोष मात्र सॉफ्टवेअरला लागतो.

यानंतर मागच्या बाजूला लिहिलेलं मॉडेलचं पूर्ण नाव वाचा आणि मेनूत जाऊन ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती कागदावर उतरवून ठेवा. पुढचं सगळं या दोन गोष्टींवर अवलंबून आहे.

कॅसिओ: फाइल चुकीच्या जागी

एफएक्स-सीजी५० लॅपटॉपला जोडला की स्क्रीनवर पर्याय येतात. त्यातला यूएसबी फ्लॅश निवडला की तो पेन ड्राइव्हसारखा उघडतो. बाहेरच्या सॉफ्टवेअरला इथे ‘ॲड-इन’ म्हणतात. या मॉडेलच्या ॲड-इनचं एक्स्टेन्शन जी३ए असतं, तर जुन्या एफएक्स-९८६० मालिकेचं जी१ए. एकाची फाइल दुसऱ्यावर चालत नाही.

नेहमीच्या चुका तीन. फाइल झिपमधून न काढता तशीच टाकणं. एखाद्या फोल्डरच्या आत ठेवणं, जेव्हा ती सगळ्यात बाहेर, ड्राइव्ह उघडल्याबरोबर दिसेल अशी हवी. आणि ‘इजेक्ट’ न करता केबल उपटणं. काही मोठी ॲड-इन दोन फाइलींत येतात. दोन्ही टाकल्या नाहीत तर चिन्ह दिसतं, पण उघडल्यावर पुढे काही होत नाही. साठवण भरली असेल तर मेमरी मेनूतलं ऑप्टिमायझेशन चालवून बघा.

टीआय-८४ प्लस सीई: कुलूप कंपनीने लावलेलं

इथे गोष्ट वेगळी आहे. २०२० मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने जाहीर केलं की सीई मालिकेच्या पुढच्या आवृत्त्यांत असेम्ब्ली आणि सी भाषेतले प्रोग्रॅम चालणार नाहीत. परीक्षा-मोड चुकवण्याची युक्ती उघड झाल्यानंतर हा निर्णय आला. बेसिक भाषेतले प्रोग्रॅम मात्र चालतात. म्हणून तुमचा प्रोग्रॅम चालत नसेल तर तो बिघाडच असेल असं नाही, ते धोरणही असू शकतं. प्रोग्रॅमर मंडळींनी यावर ‘आर्टिफाइस’ नावाचा उपाय काढला, पण तो प्रत्येक आवृत्तीवर चालेलच असं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: ‘अपडेट करा’ असा संदेश दिसला म्हणून लगेच अपडेट करू नका. एकदा नवी आवृत्ती गेली की जुनीवर परतणं बहुतेक वेळा शक्य नसतं.

जुन्या आवृत्तीवर ‘नीड लिबलोड’ असा संदेश आला तर घाबरू नका. सी भाषेतल्या प्रोग्रॅमना लागणाऱ्या लायब्ररी टाकायच्या राहिल्या आहेत, एवढाच त्याचा अर्थ. ‘मेमरी’ची चूक दाखवत असेल तर न लागणारे प्रोग्रॅम रॅममधून आर्काइव्हमध्ये हलवा. आर्काइव्हमधली वस्तू रॅम पुसली गेली तरी टिकते.

हा झगडा जुना आहे. २००९ मध्ये एका हौशी प्रोग्रॅमरने टीआय-८३ प्लसची ५१२ बिटांची डिजिटल चावी घरच्या संगणकावर फोडली. त्याला सुमारे अडीच महिने लागले. कंपनीने ती चावी छापणाऱ्यांना कायदेशीर नोटिसा पाठवल्या, तेव्हा अमेरिकेतली इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही संस्था त्यांच्या बाजूने उभी राहिली. पैसे देऊन घेतलेल्या यंत्रात काय चालवायचं हे कोणी ठरवायचं? सवाल आजही तोच आहे.

नमवर्क्स: ब्राउझर बदला

फ्रान्समधल्या नमवर्क्सचा कॅल्क्युलेटर २०१७ मध्ये आला. त्याचा सोर्स कोड सगळ्यांना वाचता येतो. त्यावरून लोकांनी ‘ओमेगा’ आणि नंतर ‘अप्सिलॉन’ या पर्यायी सिस्टिम तयार केल्या. पण २०२१ मध्ये आलेल्या १६ व्या आवृत्तीपासून कंपनीने दार बंद केलं. ती किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल तर या सिस्टिम पूर्वीसारख्या कायमच्या बसत नाहीत. बाहेरची छोटी ॲप टाकता येतात, पण रीसेट केलं की ती निघून जातात. ‘काल होतं, आज गायब’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

इथे इन्स्टॉल करणं ब्राउझरमधूनच होतं. फायरफॉक्समध्ये कॅल्क्युलेटर सापडत नाही, क्रोम वापरा. स्क्रीन काळी पडली आणि काहीच हलेना, तर केबल जोडून ६ चं बटण दाबून धरा आणि मागच्या छिद्रातलं रीसेट बटण टोकदार वस्तूने दाबा. रिकव्हरी मोड सुरू होतो, मग अधिकृत सिस्टिम परत टाकता येते.

परीक्षेचं काय?

हा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवा. जेईई मेन, नीट आणि एमएचटी-सीईटीमध्ये कोणताच कॅल्क्युलेटर नेता येत नाही. गेटमध्ये स्क्रीनवरच कॅल्क्युलेटर मिळतो. आयबी बोर्डाला ग्राफिंग कॅल्क्युलेटर चालतो, पण परीक्षा-मोडमध्ये, आणि अक्षरी बीजगणित सोडवणारं सॉफ्टवेअर नको. केंब्रिजच्या ए लेव्हल गणिताला तर ग्राफिंग कॅल्क्युलेटरच चालत नाही. डिजिटल सॅटमध्ये डेसमॉस आतच दिलेलं असतं.

म्हणजे बाहेरचं सॉफ्टवेअर टाकलेलं यंत्र परीक्षेच्या हॉलमध्ये नेणं म्हणजे वर्ष पणाला लावणं. हेतू साफ असला तरी पर्यवेक्षकाला हेतू दिसत नाही, स्क्रीन दिसते. परीक्षा जवळ असेल तर प्रयोग थांबवा. यंत्र मूळ स्थितीत आणा आणि परीक्षा-मोड एकदा घरी चालवून बघा.

आई-वडिलांसाठी दोन शब्द

मुलगा किंवा मुलगी कॅल्क्युलेटर उघडून बसली की ‘खेळत बसलाय’ म्हणून रागावू नका. केबलपासून फाइलपर्यंत एकेक शक्यता तपासत दोष शोधणं, हीच इंजिनिअरची खरी तालीम आहे. आणि ज्या घरात असा महागडा कॅल्क्युलेटर नाही, तिथल्या मुलांनी मन छोटं करू नये. डेसमॉस आणि जिओजेब्रा साध्या मोबाइलवर फुकट चालतात, नमवर्क्सचंही मोबाइल ॲप आहे. आलेख तोच निघतो, गणितही तेच शिकता येतं.

आणि हो, मामूला फोन करून ‘माल खराब आहे’ म्हणण्याआधी एकदा केबल बदलून बघा.