दाखल्यावर सही कोणाची?

मेल्यावर पुन्हा जन्म घ्यायचा तर आधी सरकारची परवानगी काढावी लागते, असे कोणी सांगितले तर ऐकणारा हसेल. चीनमध्ये तसा लेखी नियम आहे. तिबेटी बौद्ध परंपरेतल्या अवतारी लामांचा पुनर्जन्म शोधायला आणि त्याला मान्यता द्यायला सरकारी मंजुरी हवी, परदेशातल्या कोणी त्यात ढवळाढवळ करायची नाही, असे चीनच्या धर्मव्यवहार खात्याने २००७ साली ठरवून टाकले. गंमत म्हणजे तिथल्या सत्ताधारी पक्षाच्या सदस्याला कुठलाही धर्म पाळायची मुभा नाही. पुनर्जन्मावर विश्वास नसलेल्यांनी पुनर्जन्माचे नियम लिहिले!

त्यामागचे राजकारण उघड आहे. १९९५ च्या मे महिन्यात दलाई लामांनी गेधुन चोकी निमा या सहा वर्षांच्या मुलाला अकरावे पंचेन लामा म्हणून मान्यता दिली. काही दिवसांतच चिनी अधिकाऱ्यांनी त्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना ताब्यात घेतले. तो मुलगा त्यानंतर जाहीरपणे कोणाला दिसलेला नाही. त्याच्या जागी चीनने आपल्या पसंतीचा पंचेन लामा बसवला. २ जुलै २०२५ रोजी, नव्वदी पूर्ण होण्याच्या चार दिवस आधी, दलाई लामांनी धरमशालेतून जाहीर केले की परंपरा पुढे चालू राहील आणि पुढचा दलाई लामा ओळखण्याचा अधिकार फक्त आपल्या गादेन फोद्रांग न्यासाचा असेल. बीजिंगने लगेच १७९३ सालच्या सोन्याच्या कलशाची आठवण करून दिली. हा कलश चिंग सम्राटाने पाठवला होता. त्यात नावांच्या चिठ्ठ्या टाकून अवतार निवडायचा.

धर्मस्वातंत्र्याचा विषय निघाला की डोळ्यांपुढे दंगली येतात, पाडलेली प्रार्थनास्थळे येतात. ते सारे आहेच. पण देशोदेशीच्या कोर्टांतले खटले वाचत गेले तर वेगळेच भांडण दिसते. अमुक गोष्ट धर्मात बसते का, अमुक माणूस त्या धर्माचा आहे का, या दाखल्यावर सही कोणी करायची, यावरून बहुतेक वकीलपत्रे भरलेली असतात.

कोकणातल्या बेने इस्रायल समाजाने हा अनुभव फार जवळून घेतला. अलिबाग, पेण, रेवदंडा या पट्ट्यात तेलाचे घाणे चालवणाऱ्या या मंडळींना गावकरी शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. इस्रायल स्थापन झाल्यावर हजारोंनी तिकडे स्थलांतर केले. मराठी बोलणारे हे लोक हिंदुस्थानात कधी ज्यू असण्यावरून अडले नव्हते; अडले ते ज्यूंच्या देशात. शतकानुशतके दूर राहिलेल्या या समाजातली लग्ने आणि काडीमोड धर्मशास्त्राप्रमाणे झाले असतील कशावरून, अशी शंका काढून तिथल्या प्रमुख रब्बींनी १९६२ च्या सुमारास विवाह नोंदवण्याआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे आदेश काढले. समाज रस्त्यावर उतरला. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये धरणे धरले गेले, आणि अखेर लेवी एश्कोल यांचे सरकार आणि संसद यांना सांगावे लागले की बेने इस्रायल हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत. आदेशातला त्यांचा नामोल्लेख रब्बींनी मागे घेतला. तरीही इस्रायलमध्ये ज्यू जोडप्याला देशातल्या देशात लग्न करायचे तर आजही रब्बींच्या दारातूनच जावे लागते. ज्यांना ते नको असते ती जोडपी विमानाने सायप्रस गाठतात. परदेशात लागलेले लग्न सरकार मुकाट नोंदवून घेते.

पाकिस्तानात हा दाखला थेट राज्यघटनेत गेला. १९७४ च्या दुसऱ्या दुरुस्तीने अहमदिया पंथीयांना मुस्लिमेतर ठरवले आणि १९८४ मध्ये झिया उल हक यांच्या अध्यादेशाने त्यांना स्वतःला मुस्लिम म्हणवण्यास, आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणण्यास बंदी केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९३ च्या बहुमताच्या निकालात न्यायमूर्तींनी आधार घेतला तो ट्रेडमार्कच्या कायद्याचा! कोकाकोला कंपनी जशी दुसऱ्याला आपल्या नावाने पेय विकू देणार नाही, तशी इस्लामच्या खुणा वापरण्याची मोकळीक इतरांना नाही, असा तो युक्तिवाद. श्रद्धेला बाटलीवरच्या लेबलाच्या पंगतीत बसवणारा इतका रोखठोक निकाल दुसरा सापडणे कठीण. पाकिस्तानचे पहिले परराष्ट्रमंत्री झफरुल्ला खान अहमदिया होते. १९७९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे अब्दुस सलामही अहमदिया. त्यांच्या थडग्यावरच्या शिलालेखातला ‘मुस्लिम’ हा शब्द नंतर पुसून टाकण्यात आला.

धर्मनिंदेच्या कायद्याची कूळकथा मात्र आपल्यालाही चुकवता येत नाही. १९२० च्या दशकात लाहोरमध्ये पैगंबरांच्या खासगी आयुष्यावर एक चोपडे निघाले. प्रकाशकाला शिक्षा करणारे नेमके कलम दंडसंहितेत नाही म्हणून लाहोर उच्च न्यायालयाने १९२७ मध्ये त्याला सोडले. गदारोळ उठला आणि त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने २९५ अ हे कलम घातले. प्रकाशकाचा खून १९२९ मध्ये झालाच. फाळणीत दोन्ही देशांच्या वाट्याला तेच कलम आले. भारतात ते आता न्याय संहितेचे कलम २९९ आहे. पाकिस्तानने त्याच्या पुढे २९५ ब आणि क जोडले आणि शिक्षा थेट फाशीपर्यंत नेली. न्यायालयाच्या हुकमाने या गुन्ह्यासाठी तिथे अजून कोणी फासावर गेलेले नाही, पण आरोप झाला की जमाव वाट पाहत बसत नाही. आसिया बीबी या ख्रिस्ती शेतमजूर बाईची बाजू घेतल्याबद्दल पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना ४ जानेवारी २०११ रोजी त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या. आसिया बीबी निर्दोष सुटली ती ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी, फाशीच्या कोठडीत आठ वर्षे काढून.

युरोपातले देश एकीकडे असले कायदे गुंडाळत आले. इंग्लंडने २००८ मध्ये, डेन्मार्कने २०१७ मध्ये धर्मनिंदेचा गुन्हा रद्द केला. आयर्लंडने २०१८ मध्ये सार्वमत घेऊन तो घटनेतून काढला. आणि मग कुराण जाळण्याच्या प्रकारांनी हैराण झालेल्या डेन्मार्कने डिसेंबर २०२३ मध्ये धर्मग्रंथांच्या जाहीर विटंबनेवर नव्याने बंदी घातली. सहा वर्षांत चाक उलटे फिरले.

मलेशियातली एक कहाणी नावामुळेही मराठी वाचकाच्या लक्षात राहील. इपो शहरातल्या एम. इंदिरा गांधी या बालवाडी शिक्षिका. २००९ मध्ये त्यांचा नवरा मुसलमान झाला आणि त्याने तिन्ही मुलांचे धर्मांतर परस्पर उरकून टाकले. मुले समोर नव्हती, आईला पत्ता नव्हता. धाकटी मुलगी अकरा महिन्यांची. तिला घेऊन तो निघून गेला. शरियत न्यायालयात जायचे तर आई हिंदू, तिला तिथे उभे राहता येत नाही. दिवाणी न्यायालयात जायचे तर विषय इस्लामचा, म्हणून हात वर. २९ जानेवारी २०१८ रोजी देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने दोन्ही पालकांच्या संमतीशिवाय केलेले हे धर्मांतर रद्द ठरवले. निकाल ऐतिहासिक म्हणून गाजला. मुलगी मात्र निकालानंतरही कित्येक वर्षे आईच्या हाती लागली नाही.

भारतातल्या न्यायालयांनी या दाखल्याची जबाबदारी मोठ्या हौसेने अंगावर घेतली आहे. १९५४ च्या शिरूर मठ खटल्यापासून ‘धर्माचा अत्यावश्यक भाग’ ही कसोटी रुळली. एखादी प्रथा तशी असेल तरच तिला घटनेचे संरक्षण. म्हणजे ती प्रथा तशी आहे का, हे न्यायमूर्तींनी पोथ्या चाळून ठरवायचे. याचा सर्वांत विद्वत्तापूर्ण नमुना साताऱ्याच्या गजेंद्रगडकरांच्या नावावर आहे. दलितांना मंदिरप्रवेश देणारा कायदा आपल्याला लागू नाही, आम्ही हिंदू नव्हेच, असा दावा अहमदाबादच्या स्वामिनारायण सत्संगींनी केला होता. १९६६ मध्ये सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी तो फेटाळला आणि हिंदू कोणाला म्हणावे याची चर्चा करताना लोकमान्य टिळकांच्या व्याख्येचाही आधार घेतला. निकालाचा परिणाम उत्तमच होता, मंदिराची दारे उघडली. पण तुम्ही कोण आहात हे तुमच्यापेक्षा आम्हाला जास्त कळते, हा सूर त्यात लागला तो लागलाच.

तीच कसोटी उलटही पडते. मुंबई राज्याने १९४९ मध्ये जातिबहिष्कृत करण्यावर बंदी घातली. दाऊदी बोहरा धर्मगुरूंनी आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी हा कायदा घटनाबाह्य ठरवला; बहिष्कार हा त्या पंथाच्या शिस्तीचा भाग मानला गेला. विरोधात उभे राहिले ते एकटे सरन्यायाधीश सिन्हा. माणसाला वाळीत टाकल्याने त्याचे काय होते, हे त्यांनी पाहिले. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला, तो गावकी आणि जातपंचायतींच्या जाचामुळे. आणि बोहरा प्रकरणाचा फेरविचार २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला.

कपड्यांच्या बाबतीत तर ही कसोटी हास्यास्पद होते. मार्च २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने हिजाब हा इस्लामचा अत्यावश्यक भाग नाही म्हणून वर्गातली बंदी कायम केली. पुढच्याच वर्षी फ्रान्सने शाळांत अबायावर बंदी आणली, ती तो धार्मिक पोशाख आहे म्हणून. अबाया धर्माने सांगितलेला नाही असे तिथल्या मुस्लिम परिषदेचे म्हणणे, पण सरकारने ऐकले नाही. इकडे धर्म नाही म्हणून काढा, तिकडे धर्म आहे म्हणून काढा. आणि इटलीतल्या वर्गांच्या भिंतीवरचा क्रूस मात्र २०११ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाला निरुपद्रवी वाटला.

वाट दुसरी नव्हती असे नाही. ती याच देशात सापडली होती. केरळमधली यहोवाचे साक्षीदार पंथाची तीन भावंडे राष्ट्रगीताला उभी राहत, पण गात नसत. शाळेने काढून टाकले. १९८६ मध्ये न्या. चिन्नप्पा रेड्डींनी त्यांना परत घ्यायला लावले. त्यांची श्रद्धा आम्हाला पटते का हा प्रश्नच नाही, ती प्रामाणिक आहे का आणि त्यातून कोणाला उपद्रव होतो का, एवढेच त्यांनी तपासले. याच पंथावर रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ‘अतिरेकी’ म्हणून बंदी घातली, आणि घरी बसून बायबल वाचणारी माणसे तुरुंगात गेली. दक्षिण कोरियात पिढ्यान्‌पिढ्या लष्करी नोकरी नाकारून कैद भोगणाऱ्या या पंथातल्या तरुणांना २०१८ च्या निकालानंतर पर्यायी सेवेची सोय मिळाली.

अमेरिकेने प्रामाणिकपणाची ही कसोटी सर्वांत लांब नेली. धर्ममताचे खरेखोटेपण ज्यूरीने तपासायचे नाही, हे तिथे १९४४ पासून ठरलेले आहे. त्याचे मोलही तो देश मोजतो आहे. २०१४ मध्ये हॉबी लॉबी या दुकानांच्या साखळीच्या मालकांनी धर्माचे कारण सांगून कर्मचारी स्त्रियांच्या विम्यातून काही गर्भनिरोधक वगळून घेतले. जून २०२५ मध्ये मेरीलँडमधल्या मुस्लिम आणि ख्रिस्ती पालकांनी समलिंगी पात्रे असलेल्या गोष्टींच्या पुस्तकांच्या तासाला आपली मुले न बसवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयात सहा विरुद्ध तीन मतांनी मिळवला. श्रद्धा मालकाची आणि खर्च नोकराचा, अशी वेळ आली की प्रामाणिकपणा तपासून भागत नाही. झळ कोणाला बसते हे पाहावेच लागते.

जपानने तेच पाहिले. ८ जुलै २०२२ रोजी नारा शहरात माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली. मारेकऱ्याच्या आईने युनिफिकेशन चर्चला सुमारे १० कोटी येन देऊन घर धुळीला मिळवले होते. तपास त्या दिशेने गेला तशा भोळ्या भाविकांकडून वसूल केलेल्या देणग्यांच्या तक्रारी बाहेर आल्या. २५ मार्च २०२५ रोजी टोकियो जिल्हा न्यायालयाने या संस्थेचे धार्मिक न्यास म्हणून विसर्जन करण्याचा आदेश दिला. याआधी असे आदेश फौजदारी गुन्ह्यांवरून निघाले होते, ओम शिनरिक्यो पंथाचा त्यातलाच. इथे आधार होता दिवाणी नुकसानीचा. संस्थेने अपील केले. न्यायालयाने त्यांचे तत्त्वज्ञान खरे की खोटे यात नाक खुपसले नाही. प्रार्थनेला बंदी नाही; जाते ती करसवलत आणि कायदेशीर अस्तित्व.

कोल्हापूरकरांना श्रद्धा आणि झळ यांतला हा तोल २०२५ च्या पावसाळ्यात अनुभवायला मिळाला. शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठाची महादेवी हत्तीण, लोकांची माधुरी, मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या वनतारा या प्राणिकेंद्रात गेली. धार्मिक कार्यासाठी हत्ती वापरण्याच्या मठाच्या हक्कापेक्षा हत्तिणीचे नीट जगणे वरचढ, असे न्यायालय म्हणाले. जैन परंपरा हत्तीला मानते की नाही, या खोलात शिरण्याची गरज पडली नाही. हजारो लोक नांदणीहून कोल्हापूरपर्यंत पायी चालले, वनतारा चालवणाऱ्या उद्योगसमूहाची म्हणून फोनची सिमकार्डे बदलली गेली, नेत्यांची धावपळ झाली. निकालाशी भांडता येते, पण प्रश्न तरी योग्य विचारला गेला. बेल्जियममध्ये जनावराला आधी बेशुद्ध न करता कापण्यावरच्या बंदीविरुद्ध ज्यू आणि मुसलमान एकत्र न्यायालयात गेले होते. तिथेही फेब्रुवारी २०२४ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने प्राण्यांच्या बाजूनेच कौल दिला.

पोथी न चाळता झळ कोणाला बसते ते पाहावे, हा निकष बऱ्याच ठिकाणी पुरेल. जिथे सरकार हक्क देण्याआधीच धर्म विचारते, तिथे तो अपुरा पडतो. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात तो दर्जा मुख्यतः हिंदूंसाठी होता. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखोंनी धम्मदीक्षा घेतली आणि केंद्राच्या सवलती एका दिवसात गमावल्या. जात तीच, वस्ती तीच, शिवाशिवही तीच. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्यापुरत्या सवलती दिल्या, केंद्राला मात्र १९९० साल उजाडले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमानांची याचिका २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि या प्रश्नावर माजी सरन्यायाधीश बाळकृष्णन यांचा आयोग ऑक्टोबर २०२२ मध्ये नेमला गेला. १९५० च्या त्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात मात्र १९९० नंतर एकाही धर्माची भर पडलेली नाही: हिंदू, शीख, बौद्ध.