चोळीबांगडीचं शहर

बंगळूरच्या जयनगरात चार मराठी माणसं जमली की दुसरा चहा येईपर्यंत पानिपत येतंच. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? भाऊसाहेब हत्तीवरून उतरले नसते तर? त्यात मीही वर्षानुवर्षं भर घातली आहे. पण पानिपत इथून दोन हजार किलोमीटरांहून लांब, आणि आमच्या अशोक स्तंभापासून लालबागेचं फाटक चालत जाण्याइतकं जवळ. बागेतल्या त्या पुराणपुरुष खडकावर केंपेगौडाची गढीवजा छत्री आहे. तिथे उभं राहिलं की वाटतं, जर-तरचा डाव मांडायला आपण एवढे लांब का जातो?

ही बाग हैदरअलीने 1760 च्या सुमारास लावायला घेतली, टिपूने वाढवली. 1791 च्या मार्चमध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने 7 तारखेला बंगळूरची पेठ घेतली आणि 21 ला किल्ला. किल्लेदार बहादूरखान लढता लढता पडला. हा कॉर्नवॉलिस म्हणजे दहा वर्षांपूर्वी अमेरिकेत यॉर्कटाउनला वॉशिंग्टनपुढे शरण आलेला तोच. आता इथे त्याला नाव धुऊन काढायचं होतं. मे महिन्यात तो टिपूच्या राजधानीच्या, श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी पोचला, 15 तारखेची लढाईही जिंकला, आणि हरला तो बैलांपायी. दाणावैरण संपली, बैल शेकड्यांनी मेले, पावसाळा डोक्यावर आला. ओढायला जनावरं नाहीत म्हणून वेढ्याच्या अवजड तोफा त्याने स्वतःच फोडल्या आणि पाठ फिरवली.

परतीच्या वाटेवर बाजूने घोडेस्वार दिसले. शत्रूच आला म्हणून इंग्रज सरसावले, तर ते मराठे निघाले! हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा मेलुकोट्याजवळ येऊन ठेपल्या होत्या. टिपूच्या स्वारांनी वाटेतले जासूद इतके चोख पकडले होते, की दोस्तांची फौज हाकेच्या अंतरावर असल्याचं कॉर्नवॉलिसला कळलंच नव्हतं. मराठ्यांच्या छावणीतला बाजार पाहून उपाशी इंग्रजांचे डोळे फिरले. धान्य, मेंढ्या, कोंबड्या तर होत्याच, वर काश्मिरी शाली आणि विलायती चाकूसुद्धा. भाव अर्थात चढे. उपाशी गिऱ्हाईक कोणता वाणी सोडतो?

एक जासूद वेळेवर पोचला असता तर? किंवा परशुरामभाऊंचे सहा-सात महिने धारवाडच्या वेढ्यात गेले नसते तर? त्या वेढ्यात मूर नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्याने लिहून ठेवलंय की मराठे गोलंदाज तोफ भरायचे, मग बसून गप्पा मारायचे, हुक्का ओढायचे आणि अर्ध्या तासाने बत्ती द्यायचे. दुपारी एक ते तीन दोन्ही बाजू आपखुशीने गप्प, कारण जेवणाची वेळ. मूरचा सूर कुचेष्टेचा आहे हे धरूनही हसू येतंच. इथले जुने दुकानदारही दुपारी फळी लावतात, त्यांची आठवण होते.

पण माझं मत विचाराल तर या जर-तरात दम नाही. डाव मांडायचा तर एकच सोंगटी हलवावी आणि बाकीचा पट तसाच ठेवून पाहावं. जासूद पोचला, तोफा वाचल्या, पट्टण वर्षभर आधी टेकीला आलं असं धरू. पुढे काय? 1792 च्या मार्चमध्ये प्रत्यक्ष जो तह झाला, अर्धं राज्य, तीन कोटी तीस लाख रुपये आणि दोन मुलगे ओलीस, तोच थोडा आधी झाला असता. टिपू अजिबात नाहीसा होणं नाना फडणवीसांना परवडणारं नव्हतं. खरी सोंगटी 1 जून 1790 ला पुण्यात हलली होती, नानांनी इंग्रजांशी करार केला तेव्हा. दहाच वर्षांपूर्वी याच नानांनी हैदर, निजाम आणि नागपूरकर यांची इंग्रजांविरुद्ध मोट बांधली होती. मधल्या काळात टिपूने नरगुंद घेतलं, मनं आंबली. टिपू 1799 मध्ये गेला आणि 1803 मध्ये असईच्या रणात मराठ्यांसमोर इंग्रजांचा वेलस्ली उभा ठाकला, तोवर दक्षिणेतून त्याला पाठीमागून ओढणारं कोणी उरलं नव्हतं.

याहून मोठा जर-तर याच बंगळुरात, शंभर वर्षं आधीचा आहे, आणि तो पाण्याच्या घंगाळाएवढा आहे. 1689 च्या मार्चमध्ये संभाजीराजांची हत्या झाली. रायगडाला वेढा पडला. राजाराम पन्हाळ्याहून यात्रेकरूच्या वेषात जिंजीकडे निघाले, बेदनूरच्या राणी चन्नम्मांनी वाट दिली, आणि मंडळी बंगळुरात उतरली. बखरीत असं येतं, की मुक्कामावर चाकर राजारामांचे पाय धुऊ लागले. बघ्यांच्या मनात आलं, बैराग्याचे पाय इतक्या अदबीने कोण धुतं? वर्दी गेली. राजाराम दुसऱ्या वाटेने निसटले आणि खंडो बल्लाळ वगैरे मागे राहिले. त्यांना फटके मारले, डोक्यावर धोंडे दिले, तोंडाला राखेचे तोबरे बांधले. ‘आम्ही यात्रेकरू’ यापलीकडे त्यांनी अक्षर काढलं नाही.

राजाराम त्या रात्री सापडले असते तर? नोव्हेंबरात रायगड पडला, येसूबाई आणि शाहू औरंगजेबाच्या हाती गेले. म्हणजे गादीचा एकूण एक वारस मोगलांच्या छावणीत. संताजी, धनाजी, रामचंद्रपंत लढले असतेच, पण कुणाच्या नावाने? वतनाच्या कागदावर शिक्का कुणाचा? कोणी म्हणेल, राजारामांच्या मागे ताराबाईंनी सात वर्षं लढून दाखवलंच की. दाखवलं, पण त्यांच्याकडे गादीवर बसवायला मुलगा होता, आणि तो जन्मला 1696 मध्ये. इथे सोंगटी हलवली की पट मोडतो. राजाराम जिंजीला पोचले म्हणून झुल्फिकारखान तिथे सात-आठ वर्षं अडकून पडला. ही जिंजी शिवाजीराजांनी 1677 च्या दक्षिणेच्या स्वारीत घेऊन ठेवलेली.

गंमत अशी, की राजारामांच्या त्या रात्रीच्या दोनच वर्षं आधी बंगळूर भोसल्यांचंच होतं. 1638 मध्ये रणदुल्लाखानाने ते केंपेगौडाच्या वंशजाकडून घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. पुढे ते व्यंकोजींकडे गेलं. मल्लेश्वरमला काडु मल्लेश्वराच्या देवळासमोर त्यांच्या दानाचा 1669 चा शिलालेख आहे. तंजावर मिळाल्यावर बंगळूर लांब पडलं, सांभाळणं जड झालं, आणि भोसल्यांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना तीन लाखांना विकायला काढलं. व्यवहार पुरा होतो न होतो तोच 1687 च्या जुलैत मोगल सरदार कासिमखान शहरात घुसला. शेवटी शहर वोडेयरांकडेच गेलं. विकलं नसतं तर राजारामांना घरच्या मुक्कामी पाय धुऊन घेता आले असते.

मागच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. पुरुषमंडळी तीन लाखांचे आजचे किती होतील या हिशेबात शिरली. जयनगरात तेवढ्यात गाडी उभी करायची जागासुद्धा येणार नाही यावर एकमत झालं. मग मी शेवटचा तुकडा पुढे केला. 1677 च्या स्वारीनंतर शिवाजीराजे आणि व्यंकोजी या दोघा भावांत तह झाला, त्यात शिवाजीराजांनी बंगळूर, होसकोटे आणि शिरे हा मुलूख व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी लावून दिला होता.

‘चोळीबांगडीचं होतं ना?’ शेजारच्या काकू कप गोळा करता करता म्हणाल्या. ‘मग विकताना बाईला कुणी विचारलंच नसणार.’