रोल्स-रॉईस ‘ट्वेंटी’: नावातला वीस कुठला आणि गाडी ओळखायची कशी

आपल्या बेळगाव-निपाणी पट्ट्यात जुनी, लांबलचक मोटार दिसली की तिला ‘रोल्स’ म्हणून मोकळं व्हायची सवय आहे. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला निघते ती छत्रपती घराण्याची केशरी गाडी मेबॅक आहे, म्हणजे जर्मन. मग खरी रोल्स कशी ओळखायची? दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं एकच मॉडेल घेऊन हे बघू: ‘ट्वेंटी’, १९२२ ते १९२९.

रोल्सचं नाव आपल्या मुलखात त्याआधीच पोचलं होतं. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींची परीक्षा झाली. त्यात ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची सिल्व्हर घोस्ट घाट चढून सरस ठरली आणि पुढे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. पण सिल्व्हर घोस्ट म्हणजे सात लिटरच्या वरचं इंजिन. पहिल्या महायुद्धानंतर विलायतेतल्या श्रीमंतांनाही तो खर्च जाणवू लागला. भरीस भर म्हणून तिथे १९२१ पासून दर ‘हॉर्सपॉवर’ला वर्षाला एक पौंड कर सुरू झाला.

ही करापुरती हॉर्सपॉवर इंजिन चालवून मोजत नसत, कागदावर काढत. सूत्र सोपं आहे: सिलिंडरचा व्यास इंचात घ्या, त्याचा वर्ग करा, सिलिंडरच्या संख्येने गुणा आणि २.५ ने भागा. सिल्व्हर घोस्टचा व्यास साडेचार इंच, सिलिंडर सहा. उत्तर येतं ४८.६. ट्वेंटीचा व्यास ३ इंच, सिलिंडर सहाच. उत्तर २१.६. कर निम्म्याहून कमी झाला! नावातला ‘वीस’ हा असा कराच्या हिशेबातला. इंजिनाची खरी ताकद त्याच्या दुपटीहून जास्त होती.

सूत्रात एक गंमत आहे बघा. पिस्टन किती लांब वर-खाली जातो, म्हणजे स्ट्रोक, त्याला यात जागाच नाही. म्हणून त्या काळचे ब्रिटिश इंजिनिअर व्यास कमी ठेवून स्ट्रोक वाढवायचे. ट्वेंटीचा स्ट्रोक साडेचार इंच, एकूण इंजिन ३,१२७ सीसी. त्यामुळे गाडी कमी फेऱ्यांवरही शांतपणे ओढायची. मालकाने स्वतः चालवावी अशीच ती बेतलेली होती.

आता ओळखीचा मुद्दा. रोल्स-रॉईस त्या काळी पूर्ण मोटार विकतच नसे. डर्बीच्या कारखान्यातून चासी, इंजिन आणि रेडिएटर एवढंच बाहेर पडायचं. वरची बॉडी बार्कर, हूपर, पार्क वॉर्ड अशा कारागिरांकडून गिऱ्हाईक आपल्या पसंतीने बांधून घेई. एक ट्वेंटी उघडी टूरर, तर दुसरी बंद लिमोझिन. म्हणून बॉडीवरून मॉडेल ठरवायला गेलं की फसगत होते.

बघायचं ते खाली आणि पुढे. सुरुवातीच्या ट्वेंटीला रेडिएटरच्या पट्ट्या आडव्या, गिअर तीन, गिअरचा दांडा मधोमध आणि ब्रेक फक्त मागच्या चाकांना. १९२५ च्या सुमारास चार गिअर आले, दांडा ड्रायव्हरच्या उजव्या हाताला गेला आणि ब्रेक चारही चाकांना मिळाले. शेवटच्या काळात पट्ट्याही उभ्या झाल्या. लोक या चासीवर जडजड बॉड्या चढवू लागले आणि गाडी मंदावली. तेव्हा १९२९ मध्ये व्यास सव्वातीन इंच करून ‘२०/२५’ आणली. सूत्रात घालून बघा, २५.३५ येतात. पुढे त्याच इंजिनाला जास्त ताकद देऊन १९३३ ची साडेतीन लिटरची बेंटली बनली.

तरी पक्का पुरावा एकच, चासी नंबर. इंग्लंडच्या रोल्स-रॉईस एन्थुझिअस्ट्स क्लबकडे कारखान्याच्या मूळ नोंदी जपलेल्या आहेत. नंबर जुळला तर त्या चासीचा मूळ इतिहास हाती लागू शकतो. नुसत्या ‘आमच्या आजोबांनी संस्थानिकाकडून घेतली’ या सांगण्याला तिथे कागदाचा आधार मिळतो, किंवा मिळत नाही. दोन्ही उत्तरं इतिहासाच्या कामाचीच.

नेमकं इथेच आपल्याकडे नुकसान होतं. गाडी ‘नवी करून’ द्या म्हटल्यावर मिस्त्री पहिल्यांदा पॉलिश पेपर घेतो. नंबराची पाटी निघते, पितळी भाग भंगारात जातात, मूळ इंजिनाच्या जागी मिळेल ते डिझेल इंजिन बसतं. आता याला कायद्याचीही बाजू आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद मिळते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा ही अट आहे. नव्याने नोंदलेल्या गाडीच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो.

म्हणून कुणाच्या वाड्यात, गोदामात अशी गाडी असेल तर क्रम असा ठेवा. आधी धूळ फडक्याने पुसा. चासी नंबर, इंजिन नंबर, रेडिएटर आणि बॉडी बांधणाऱ्याची पाटी यांचे फोटो काढा. जुनं नोंदणी पुस्तक, कराच्या पावत्या, पेट्रोलची बिलं एका पाकिटात घाला. जे सुटं निघेल त्याला चिठ्ठी बांधून ठेवा. रंग त्यानंतर. रंग कधीही देता येतो हो, घासून गेलेला नंबर परत येत नाही.