पत एक, वह्या निरनिराळ्या

पत हा आपल्या भाषेतला मोठा घरंदाज शब्द. अब्रू, नाव, दिल्या शब्दाचा भरवसा, एवढे सारे त्याच्या पोटात मावते. म्हणूनच बँकेतले गृहस्थ ‘तुमचा सिबिल उतरलाय’ असे म्हणाले की चारचौघांत पगडी उतरविल्यासारखे वाटते. त्यातून सख्ख्या भावानेही नेमके तेच केले आणि त्याचा आकडा मात्र ढळला नाही असे कळले, म्हणजे तर हा उघड पक्षपातच वाटू लागतो. पण तो पक्षपात असतो काय?

एक उदाहरण घेऊ. समजा, पनवेलजवळ नेऱ्याला घर घ्यावे म्हणून दोन भाऊ कर्जाचा अर्ज करणार आहेत. जादा क्रेडिट कार्ड नको, या शहाणपणाने दोघेही १ लाख मर्यादेचे एकेक कार्ड बंद करतात. दोघांच्याही उरलेल्या कार्डांवर उधारी ४० हजारांचीच. थोरल्याची एकूण मर्यादा ३ लाख होती, ती २ लाख झाली. म्हणजे उधारीचे प्रमाण १३ टक्क्यांवरून २० वर गेले. धाकट्याची मर्यादा दीड लाखाची होती, ती ५० हजारांवर आली. त्याचे प्रमाण २७ टक्क्यांवरून एकदम ८० वर! कृती एकच, पण धाकट्याचे अंथरूण आखूड झाले आणि पाय तेवढेच राहिले.

हप्ता चुकण्याचेही तसेच. वीस वर्षे निष्कलंक असलेल्या खात्यावर एक चूक पांढऱ्या सदऱ्यावरच्या शाईसारखी उठून दिसते. आधीच चार डाग असलेल्या सदऱ्यावर पाचवा तितका खुपत नाही. म्हणून पुष्कळदा सज्जनाचाच आकडा अधिक घसरतो. हा गुणांक कृतीला मार्क देत नाही. ती कृती कोणाच्या वहीत, कोणत्या पानावर पडली, ते पाहतो.

शिवाय वह्या लिहिणारेही एक नव्हेत. मुंबईत २००० साली स्थापन झालेल्या सिबिलचे नाव लोकांच्या तोंडी बसले असले, तरी आपल्या देशात अशा चार संस्था आहेत. ३०० ते ९०० हे माप तेच, पण प्रत्येकीचे गणित वेगळे.

यात घराचा पैसा गुंतलेला असतो. ३० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी साडेआठऐवजी नऊ टक्क्यांनी मिळाले, तर हप्ता दरमहा सुमारे साडेनऊशे रुपयांनी वाढतो. वीस वर्षांत सव्वादोन लाखांहून अधिक!

आणि ज्या गृहिणीने पंचवीस वर्षे पैपैचा हिशेब ठेवून संसार केला, कोणाचे एक पैसाही कर्ज घेतले नाही, तिला तर गुणांकच नसतो. तिची पत नाही असे कोण म्हणेल? तिच्या नावाची वही नाही, इतकेच. उलट मेव्हण्याला जामीन राहिलेल्याच्या वहीत मात्र ते कर्ज लागते.

वहीचे भय आपल्याला जुनेच आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली. त्या बिचाऱ्यांना आपल्या नावावर काय लिहिले आहे, हे पुष्कळदा वाचताही येत नव्हते. आपली स्थिती बरी आहे. या प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल फुकट मागविता येतो. चूक दाखविल्यावर ३० दिवसांत तक्रारीचा निकाल लागला नाही, तर पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम २०२४ पासून लागू आहे.

तेव्हा कर्जाचा अर्ज करण्याआधी भावाचा आकडा विचारू नका. आपला अहवाल मागवा, उधारी मर्यादेच्या किती आहे ते पाहा, आणि मगच कार्ड बंद करायचे की ठेवायचे ते ठरवा. आकडा चढेल, उतरेल. तो वहीचा आहे, माणसाचा नव्हे.